माज ओसरल्यावर हरीण काय खातं

हरणं हिवाळ्यात काय खातात, एवढ्यावरच मला लिहिता येईल, असं मी संपादकांना कळवलं. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, "तेवढंच लिहा." आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात दरवर्षी तीस-तीस वर्षं नोकरी केलेली माणसं लिहितात. माझे कतारमधले चारच हिवाळे झालेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, तेही दूरशिक्षणाने, बी.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. तेव्हा एखादं वाक्य चुकलं तर सांभाळून घ्या. हरणांच्या बाबतीत चुकलं तर सांभाळून घ्यायला कोणी नसतं. मी तिथे एक मोठी चूक केली, आणि चुकीपेक्षा वाईट असं एक कामही केलं. ते लिहावं की नाही यावर माझे दोन शुक्रवार गेले.

समैस्मा गावाच्या रस्त्यावरून आत, वाळूच्या वाटेने गेलं की आमचा मजरा लागतो. मजरा म्हणजे मळा. खजुराच्या चार ओळी, मेंढ्यांचा गोठा, आमच्या राहण्याची पत्र्याची खोली, आणि पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत तारेचं कुंपण. त्या कुंपणात पन्नासेक हरणं आहेत. इथे त्यांना रीम म्हणतात. आपल्या माळावरच्या चिंकाऱ्याचा हा वाळवंटातला चुलतभाऊ. अंगाने पांढुरका, डोळ्यांनी तसाच.

मजऱ्याचे मालक ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना सगळे बाबा म्हणतात. मुलं दोह्यात व्यवसाय बघतात. बाबा रोज दुपारच्या नमाजानंतर गाडीने येतात, कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात आणि ऊन उतरलं की परत जातात. त्यांना आमच्यासारखी मोडकी हिंदी येते, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

मला कामाला लावलं ते मारुतीमामांनी. ते माझ्याच माण तालुक्यातले. नात्याने कोणी नाहीत, वयाने मामा. या हरणांच्या चाऱ्याचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन तास कुंपणाबाहेर नुसतं उभं केलं आणि मग विचारलं, "काय दिसलं?"

"चरत्यात," मी म्हणालो.

"चरत न्हाईत. खुडत्यात. नीट बग."

खरं होतं. मेंढीने तोंड खाली घातलं की ती ते वर काढत नाही. पुढे सरकत जाते, मागे जमीन साफ. हरीण एका झुडपाची दोन पानं खुडतं, मान वर करून इकडेतिकडे बघतं, मग दहा पावलांवरच्या दुसऱ्या झुडपाचा एक शेंडा. त्याचं पोट थोड्या थोड्या, वेगवेगळ्या घासांचं आहे. म्हणून आम्ही चारा एका गव्हाणीत कधीच घालत नाही. वीस ठिकाणी वीस छोटे ढीग. त्यामुळे दांडग्यांना सगळं अडवता येत नाही आणि दुबळ्यांनाही मिळतं.

रोजचा चारा म्हणजे वाळलेलं गवत आणि लसूणघास. लसूणघासाला इथे जत म्हणतात. तो ओला कधीच द्यायचा नाही, एक दिवस उन्हात सुकवायचा. शिवाय चाटायला मिठाचा दगड. हिवाळ्यात एक-दोन पाऊस झाले की खोलगट जागी हिरवं उगवतं, तेव्हा लसूणघास निम्मा करायचा. थंड देशांतली हरणं हिवाळ्यात उपाशी मरतात असं मी वाचलं आहे. इथे उलट आहे. इथे उन्हाळा मारतो आणि हिवाळा खाऊ घालतो.

फक्त नर सोडून. हिवाळ्याच्या तोंडाशी नर माजावर येतात. गळा सुजल्यासारखा फुगतो. मग महिना-दीड महिना नर काही खात नाही म्हटलं तरी चालेल. दिवसभर आपल्या हद्दीवर फेऱ्या मारतो, दुसऱ्या नराला पळवून लावतो, माद्यांना गोळा करतो. सगळ्या कळपाला हिरवं मिळतं तेव्हा तो हाडकत जातो. आणि माज ओसरतो तेव्हा त्याच्या अंगात काही उरलेलं नसतं.

आमच्या कळपाचा मुख्य नर असाच हद्दीवर फिरायचा, म्हणून मामांनी त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. बाबांना प म्हणता येत नाही. ते त्याला बातील म्हणायचे. दुपारी खुर्चीत बसले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बातील किधर?"

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मामा मुलीच्या लग्नासाठी तीन महिने गावी गेले आणि कुंपणाची किल्ली माझ्याकडे आली. जाताना बॅग गाडीत ठेवल्यावर ते पुन्हा परत आले.

"हे बग बिरू, माजात नर खात न्हाई, तवा भ्यायाचं न्हाई. माज वसरला की खातोय, पन सावकाश. वाळलेलं दे. दाना दाखवू सुदिक नगंस."

"मामा, आमच्या घरात सात पिढ्या मेंढरं राखत्यात."

"म्हनूनच सांगतोय," मामा म्हणाले आणि गाडीत बसले.

मला ते लागलं. गावी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांना सांगितलं होतं की पोराला अरबाच्या देशात हरणं राखायला मिळाली. आणि मामा मला दाणा दाखवू नको म्हणून सांगत होते.

मला नियम माहीत नव्हता असं नाही. जानेवारीतल्या एका शुक्रवारी बाबांच्या मुलाच्या ऑफिसातलं एक पुण्याचं कुटुंब हरणं बघायला आलं. मराठी ऐकून मला बरं वाटलं. ताईंनी डब्यातून पोळी काढून मुलीच्या हातात दिली आणि मुलीने ती जाळीतून आत धरली. मी धावत गेलो.

"नको ताई, पोळी नको."

"अहो दादा, घरची आहे. तूपसुद्धा लावलेलं नाही."

"पोळी म्हणजे धान्यच. हरणाच्या पोटात ते आंबतं. एवढ्याशाने काही होणार नाही, पण सवय लागते."

मुलगी आईला म्हणाली, "मॉम, ही इज सो मीन." ताई हसल्या आणि पोळी मुलीने स्वतःच खाल्ली. मला त्या दिवशी फार जाणकार असल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तेच सगळं मी फोनवर आप्पांना सांगितलं.

त्याच आठवड्यात पाटलाचा माज ओसरला. फेऱ्या थांबल्या. माद्या चरत पुढे गेल्या तरी तो मागेच राहायचा. कुल्ल्याची हाडं वर आली होती, बरगड्या मोजता येत होत्या. एका सकाळी मी गवताचे ढीग घालत असताना तो माझ्यापासून दहा पावलांवर येऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. तो माझ्या बादलीकडे बघत होता.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्या आप्पांकडे टकरीचा एडका, म्हणजे झुंजीचा मेंढा, असायचा. टकरींचा हंगाम संपला की तो असाच हाडकायचा, आणि मग आप्पा त्याला खुराक लावायचे. भिजवलेले हरभरे, जव, थोडा गूळ. आप्पा स्वतःच्या हाताने भरवायचे आणि महिन्याभरात एडका पुन्हा चकचकीत व्हायचा. पाटील समोर उभा होता आणि मला तो एडका दिसला. मामा दिसले नाहीत. पोळीही आठवली नाही.

मेंढ्यांच्या गोठ्यात जवाची पोती होती. मी थोडे जव भिजवले, त्यात खजूर कुस्करला आणि डबा कुंपणाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाआड ठेवला, जिथे बाकीची हरणं येत नाहीत. पहिल्या दिवशी पाटलाने मूठभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो माझी वाट बघत उभा होता. तिसऱ्या दिवशी मी डबा भरून ठेवला आणि तो त्याने चाटूनपुसून संपवला. मी आप्पांना फोन केला.

"खातोय, आप्पा."

"जीव लावल्यावर जनावर खातंयच," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी फोन ठेवल्यावरही तसाच उभा राहिलो.

चौथ्या सकाळी पाटील त्याच झाडापाशी मान खाली घालून उभा होता. कान पडलेले. पातळ लेंडी मागच्या पायांवरून ओघळलेली. मी जवळ गेलो तर तो दोन पावलं सरकला आणि लडखडला.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्या केरळच्या आहेत, आसपासच्या मजऱ्यांवरची जनावरं बघतात. त्यांनी जाळीबाहेरून दुर्बिणीने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "खाने में कुछ चेंज किया?"

"नहीं मॅडम," मी म्हणालो. "वही, पुराना."

हे बोलायला मला एक क्षणही लागला नाही. नोकरी जाईल ही भीती होती, नव्हती असं म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती अशी होती की धनगराच्या पोराने हरणाला जव घालून मारलं हे मामांना कळेल, आणि मामांकडून गावाला.

माझं उत्तर खरं धरूनच डॉक्टर पुढे विचार करणार होत्या. चाऱ्यात बदल नाही, म्हणजे बहुतेक वाऱ्याने आलेलं प्लास्टिक खाल्लं असणार, किंवा तारेचा तुकडा. तसं असेल तर पकडून, बेशुद्ध करून, पोट तपासावं लागेल. त्यांनी शेजारच्या मजऱ्यावरून चार माणसं आणि जाळं मागवलं. बाबांनाही फोन गेला.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो: हरणाला पकडणं हेच त्याच्यासाठी आजारापेक्षा वाईट असतं. जाळ्यात ते इतकं धडपडतं की त्याच्या अंगातले स्नायूच खराब होतात. वरून जखम दिसत नाही, सोडलं की चालतं, आणि दोन दिवसांनी मरतं. दीड महिना उपाशी राहिलेला, पाय लडखडणारा नर जाळ्यातून वाचेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. "दुसरा रास्ता नहीं है," त्या म्हणाल्या.

दुसरा रास्ता माझ्या हातात होता. तो डबा. मी काय केलं? मी तो धुतला. वाळू घालून घासला आणि मेंढ्यांच्या डब्यांत पालथा घातला. मग चाऱ्याच्या कोठीमागे जाऊन मामांना फोन लावला. तिकडे हळदीची गडबड चालू होती.

"मामा, पाटील पडलाय. मी दाना दिला."

मामा बाजूला आले असावेत. आवाज कमी झाले. "किती?"

"तीन दिवस. काल डबा भरून."

"डाक्तरीन आली?"

"आली. त्या जाळं लावणार म्हनत्यात."

"जाळं? तिला दान्याचं सांगितलंस न्हाई?"

मी हातावरची वाळू झटकली.

"डबा धुतलास?"

"धुतला."

"आरं, डबा धुवून त्येचं प्वॉट धुतलं जातंय व्हय?" मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जा. आदी त्येनला सांग. मग मला फोन कर."

मी कुंपणाशी आलो तेव्हा बाबा येऊन खुर्चीत बसले होते आणि माणसं जाळ्याच्या गाठी सोडवत होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. माझी हिंदी मोडकी असली तरी चालते, त्या वेळी एक सरळ वाक्य जमलं नाही.

"जाल मत लगाओ मॅडम. मैंने दिया. जव. शईर." जवाला अरबीत शईर म्हणतात, ते बाबांसाठी.

डॉक्टरांनी दुर्बीण खाली केली. "सुबह पूछा था न मैंने?"

"हां."

"सुबह क्यों नहीं बोला?"

बाबा माझ्याकडे बघत होते. "कितना दिन?" त्यांनी विचारलं.

"तीन."

बाबांनी जाळ्याच्या माणसांकडे हात केला. "खलास. उठाओ." माणसं जाळं गुंडाळून निघून गेली.

डॉक्टर थोड्या वेळाने शांत झाल्या आणि त्यांनी समजावलं. जव पोटात आंबले होते. हरणाचं पोट म्हणजे पाला पचवणारी भट्टी. ती आता विझली होती. पाण्यात खाण्याचा सोडा टाकता येईल, पण भट्टी पुन्हा लागायची तर वाळलेलं, चिवट काहीतरी त्याने स्वतःहून खायला हवं. पकडून भरवता येणार नाही. मी उत्तम गवताचा ढीग त्याच्यापुढे ठेवला. पाटलाने हुंगलंसुद्धा नाही. "कल शाम तक नहीं खाया, तो मुश्किल," डॉक्टर म्हणाल्या.

तेव्हा बाबा उठले. काठी टेकत ते कुंपणाच्या दारातून आत आले. मी त्यांना आत येताना पहिल्यांदाच पाहत होतो. ते कोपऱ्यातल्या त्या मोठ्या झाडाखाली गेले. इथे त्या झाडाला सिद्र म्हणतात. आपली बोरच ती, काटेसुद्धा तेच. मी एक हिरवी फांदी वाकवली. बाबांनी काठीने माझा हात बाजूला केला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. "ये."

जमिनीवर वाळलेली, गळून पडलेली पानं होती. आम्ही रोज झाडून टाकायचो ती.

बाबा सावकाश खाली बसले आणि पानं गोळा करता करता बोलू लागले. तरुणपणी ते वडिलांबरोबर वाळवंटात शिकारीला जात. आता शिकारीला बंदी आहे, आणि बाबांनी तर त्याच्या कितीतरी आधी सोडली. पण तेव्हा सगळेच जात. ऐन हिवाळ्यात, माज ओसरल्यावर, नर शोधायला कळपामागे फिरावं लागत नसे. थकलेला नर एकटा असतो. त्याला हिरवं सोसत नाही. जिथे सिद्रची वाळकी पानं पडतात, बाभळीच्या जातीच्या झाडांच्या शेंगा पडतात, आणि वारा लागत नाही, तिथे तो येतो. येतोच. वाऱ्याच्या उलट बाजूला बसून राहायचं, बस. फार सोपी शिकार.

"बाबा, आपको कैसे मालूम क्या खाता है?" मी विचारलं.

"बेट खोलता था न," बाबा म्हणाले. बेट म्हणजे पेट. "अंदर सब दिखता. बत्ता. फली. सिद्र का बीज." थोडा वेळ ते पानांतले काटे वेचत राहिले. "गोश्त कुछ नहीं था. सिर्फ हड्डी. फिर भी मारा."

डॉक्टरांनीही ओढणी कमरेला बांधली आणि त्या शेंगा गोळा करायला पलीकडच्या झाडांखाली गेल्या. बाबांचा ड्रायव्हर आला. आम्ही चौघांनी पानं आणि शेंगा झाडाच्या आडोशाला पसरल्या, ढीग न करता, पडल्यासारख्या. मग लांब जाऊन बसलो. पाटील आला, पण पानांपाशी नाही. मी जिथे डबा ठेवायचो तिथे जाऊन त्याने वाळू हुंगली, आणि तिथेच उभा राहिला. मला ते बघवेना. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सबर," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याने काही खाल्लं नाही. दुसऱ्या सकाळी पानं तशीच होती, फक्त वाऱ्याने थोडी सरकलेली. मी ती पुन्हा पसरली. दुपारी उशिरा पाटील आडोशाला आला, पानांवरून नाक फिरवलं, आणि एक शेंग उचलली. ती वळलेली शेंग तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर राहिली आणि तो ती बराच वेळ तशीच धरून उभा होता. मग आत घेतली. मी डॉक्टरांना कळवलं तर त्या म्हणाल्या, "एक? चलो, एक तो एक."

तिसऱ्या दिवशी पानांमध्ये ताटाएवढी मोकळी जागा झाली होती. पाटील झाडाखाली पाय मुडपून बसला होता. बाबा आले. त्यांनी खुर्ची नको म्हटलं आणि माझ्या शेजारी चटईवर बसले. खोटं बोलल्याबद्दल त्यांनी मला तोवर काही विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.

मग पाटलाच्या गळ्यात खालून वर एक गोळा सरकला आणि जबडा हलू लागला.

"बाबा, रवंथ," मी मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं.

आप्पा आजारी मेंढरापुढे बसून हेच बघायचे. वर आलेला एक घास जनावर किती वेळा चघळतं ते मोजायचे. चाळिशी ओलांडली की पोट लागलं म्हणायचं. त्याच्या आत थांबलं तर अजून शंका आहे. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. "मेरा आँख कमजोर. तू गिन."

मी मोजू लागलो. जबडा हळूहळू हलत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. मग पाटलाने गिळलं.

"कितना?"

चाळीस म्हणावं असं वाटलं. शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता. कोणाला कळणार होतं?

"अडतीस," मी म्हणालो.

पाटलाची मान क्षणभर स्तब्ध राहिली. मग दुसरा गोळा वर चढला.

"यल्ला," बाबा म्हणाले. "फिर से गिन."